उचललेला आवाज

धनपाल मगदुमाला काहीतरी झालंय, असं अख्ख्या नांदवड्यात एकाच माणसाला वाटत होतं, आणि ते माणूस म्हणजे त्याची बायको त्रिशला. बाकी गावाला विचाराल तर धनपालअण्णा एकदम ठणठणीत! आणि गावाचं तरी काय चुकलं? हळदीच्या पेठेत सौदे पुकारणारा माणूस तो. सकाळी त्यानं तोंड उघडलं की आवाज पार एसटी स्टँडपर्यंत जायचा. बोली आता कोचीहून नि दुबईहून पडद्यावर येत होती, व्यापारी कानात बटणं घालून घरबसल्या हळद घेत होते, तरी सौदा पुकारायला माणूसच लागायचा. मधे एकदा पेठेत यंत्राचा आवाज लावून बघितला होता. भाव असा काही आपटला, की शेतकऱ्यांनी ते यंत्र उचलून गेटाबाहेर नेऊन ठेवलं आणि अण्णांना घरून बोलावून आणलं.

घरी आल्यावर मात्र हाच माणूस पायरीवर चपला काढायला बसायचा आणि तिथंच राहायचा. एक चप्पल पायात, एक हातात. त्रिशला चहा आणून ठेवायची, चहावर साय धरायची, तरी हा तसाच.

"अहो, काय झालंय तुम्हाला?"

"कुठं काय? बसलोय की!"

हे "बसलोय की" सुद्धा असं खणखणीत, की शेजारणीला वाटावं अण्णा आज खुशीत आहेत.

मगदुमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत. जैनांचं घर, दिवे लागले की अन्नाचा कण तोंडात नाही. धनपाल उजेडी ताटावर बसायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा, आमटीत बुडवायचा आणि खिडकीकडं बघत राहायचा. बाहेरचा उजेड कमी कमी होत जायचा. मग ताट पुढं सरकवून म्हणायचा, "अंधार पडला गं. राहू दे आता." धर्माचंच कारण! त्यावर बायको काय बोलणार? हा माणूस ताटापाशी बसून अंधार पडायची वाट बघतो, हे एक दिवस त्रिशलाच्या ध्यानात आलं.

पुण्याला लेक होती, श्रुती. तिला फोन लावला, तर तिकडून ती हसायलाच लागली. "आई, कालच बोलले मी पप्पांशी. एकदम झकास आहेत. तूच उगाच काहीतरी मनात आणतेस." आणि कारण तरी काय सांगायचं? घरात भांडण नाही, कुणाचं देणं नाही, लेक मार्गी लागलेली. पोटात गाठ झाली तर कुणी विचारत नाही, का झाली म्हणून. मन आजारी पडलं, की सगळे कारणाचा दाखला मागतात.

गल्लीतली रेश्मा मुल्ला आरोग्यसेविका होती. लहानपणी त्रिशलाच्याच अंगणात खेळून वाढलेली. तिनं मात्र ऐकून घेतलं.

"काकी, 'स्वरवेध'ला फोन लावू या अण्णांचा," ती म्हणाली. "शिंप्यांची सून आठवते ना? बाळंतपणानंतर पोराकडं बघत पण नव्हती. तिला तिथनंच चुंबक मिळाला. आता पोराला कडेवरून खाली ठेवत नाही!"

हे 'स्वरवेध' म्हणजे एका ट्रस्टनं गावोगाव चालवलेली योजना. जिल्ह्यात मनाचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके, आणि चुंबकाच्या खुर्च्या त्याहून कमी. चुंबकाचा उपचार मोठा गुणाचा. कपाळाच्या डाव्या अंगाला, मेंदूचा जो भाग निजल्यासारखा होतो, त्याच्यावर बाहेरूनच चुंबकाचे ठोके द्यायचे. कापाकाप नाही, भूल नाही. आटलेल्या हातपंपाला दांडा मारून मारून पाणी चढवतात, तसं काही आठवडे करायचं, आणि माणूस हळूहळू जागा होतो. पण खासगीत घ्यायचा म्हटलं तर घरावरच पाणी सोडावं लागायचं. ट्रस्ट फुकट द्यायचा. मात्र कुणाला द्यायचा, हे ठरवायचं एक ऐकणारं यंत्र.

"मन खचलं की आधी गळ्याला कळतं, काकी," रेश्मानं पायरीवर बसून समजावलं. "मेंदूतनं एक नस निघते, मानेतनं खाली छातीत उतरते आणि तिथनं परत वर येऊन आवाजाच्या पडद्यांना लागते. एवढा लांबचा फेरा. मेंदू मंदावला की त्या फेऱ्यात पहिल्यांदा दिसतं, माणूस वरनं कितीही हसत असला तरी. शब्दांचे शेवट खाली पडतात, दोन वाक्यांच्या मधली जागा लांबते, 'आ' म्हणताना तोंड पुरतं उघडत नाही, श्वास मधेच सांडतो. आपल्या कानाला ते लागत नाही, यंत्राला लागतं. मग ते रंग देतं. हिरवा आला तर प्राणायाम आणि रेकॉर्ड केलेला सल्ला. पिवळा आला तर बोलायला माणूस मिळतो. लाल आला, की आठवड्याच्या आत खुर्ची."

धनपाल नको नको म्हणत होता. पण त्रिशलानं हात जोडले तेव्हा तो फोनपाशी येऊन बसला. बसला म्हणजे काय, ताठ झाला! खाकरला, गळ्यातला रुमाल नीट केला.

"नमस्कार. कसे आहात?" फोनमधून मऊ आवाज आला. "आज दिवसभरात काय केलंत ते सांगाल?"

"नमस्कार! धनपाल बाबू मगदूम, नांदवडे! सकाळी पेठ, दुपारी घर, हळद यंदा एक नंबर!"

पाच मिनिटं तो असाच बोलला. यंत्रानं हिरवा रंग दिला आणि वर सांगितलं, "आपला आवाज प्रसन्न आहे. असेच आनंदी राहा." रेश्मानं मान खाली घातली. त्रिशलाला त्या फोनचा असा राग आला, की उचलून आडात टाकावा.

"अहो, त्याच्याजवळ तरी खरं बोला की!"

"खोटं काय बोललो? आवाजच तसाय, त्याला मी काय करू?" धनपाल म्हणाला. "आमच्या वस्तादांनी शिकवलंय. पुकारणाऱ्याचा शेवट खाली पडला, की भाव पडला. शेतकऱ्याचं वर्ष आपल्या गळ्यात असतं. घरात मयत असली तरी शेवटचा शब्द वर उचलायचा. आता ते अंगात गेलंय गं. मी नाही उचलत, तो आपोआप उचलतो."

आणि खरंच होतं ते. त्याचे वडील गेले त्या सकाळीही त्यानं आधी पेठेतले सौदे उरकले होते आणि मग तिरडी बांधायला आला होता. तेव्हा लोक म्हणाले होते, काय छातीचा माणूस!

त्रिशलानं त्याला पुन्हा दोनदा फोनवर बसवलं. दोन्ही वेळा हिरवा. ती त्याला शहरात एका खासगी दवाखान्यातही घेऊन गेली. तिथल्या मुलीनं खर्च सांगितला तेव्हा धनपाल मोठ्यानं हसला. "एवढ्यात हळदीचा ट्रक येतोय की!" म्हणाला, आणि बायकोचा हात धरून बाहेर पडला. स्टँडवर आल्यावर मात्र गाडी समोरून निघून गेली तरी त्याला कळलं नाही. त्रिशला त्याच्याकडं बघत राहिली. तिला कळून चुकलं, की वाट बघण्यात काही राम नाही. हा माणूस रोज थोडा थोडा घरातून जातोय, आणि तो कुठं जातोय ते तिला दिसत नाही. काही करून तो लाल रंग मिळवायचा, बस्स.

आणि इथं तिच्या डोक्यात ती कल्पना आली.

रेश्मानं सांगितलं होतंच की, यंत्र काय ऐकतं ते! शेवट खाली पडलेले, मधली जागा लांबलेली, 'आ' अर्धवट. मग झालं तर! दाखल्यासाठी लंगडत जाणारे, सवलतीसाठी खोकणारे लोक तिनं जन्मभर बघितले होते. ते तर धडधाकट असून करतात. आपला माणूस तर खरंच आजारी आहे. खऱ्या आजाऱ्यानं आजारी दिसायला काय पाप लागतंय?

स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली.

"शेवट खाली सोडा. म्हणा, 'मला बरं वाटत नाही.'"

"मला बरं वाटत नाही!"

"अहो, हे काय? ढिगावर चढून पुकारल्यासारखं! खाली, खाली सोडा."

"मला... बरं... वाटत... नाहीऽऽ."

"हे तर नाटकातल्या म्हाताऱ्यासारखं झालं!"

धनपाल हसला. खरं हसला, पोटातून. त्रिशलालाही हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती ओट्याला टेकली. कितीतरी महिन्यांनी त्या घरात दोघं मिळून हसत होती. तिला वाटलं, निम्मं दुखणं इथंच गेलं.

फोन लावला तेव्हा दुपार कलली होती. धनपाल आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसला, आणि त्रिशला दाराआड उभी राहिली, मुलाच्या परीक्षेला आई उभी राहते तशी.

"नमस्कार. कसे आहात?"

बराच वेळ धनपाल काही बोललाच नाही. वा, त्रिशलाच्या मनात आलं, मधली जागा चांगली सोडली.

"सकाळी डोळे उघडतात," तो म्हणाला. आवाज इतका खाली होता, की तिला कान पुढं करावा लागला. "उघडले की वाटतं, कशाला उघडले. पेठेत जातो. तिथं बोलतो तो मी नसतोच. आवाज पुढं जातो, मी मागं राहतो. घरी येतो, चप्पल काढायची असते. हाताला सांगावं लागतं, काढ बाबा. हात ऐकत नाही. बायको समोर उभी असते. तिचं तोंड सुकलेलं दिसतं मला. तिच्याजवळ जावं वाटतं. जाताच येत नाही. मधे काहीतरी आहे. काय आहे कळत नाही. मी दमलोय हो. फार दमलोय."

त्रिशलाच्या डोळ्यांना धार लागली. हुंदका आवरायला तिनं तोंडावर हात नेला, आणि हातातल्या बांगड्या वाजल्या.

"आणखी काही सांगायचंय?" फोननं विचारलं.

धनपालनं दाराकडं बघितलं. बायको रडताना दिसली. त्याची पाठ ताठ झाली, मान वर आली. "नाही नाही!" तो म्हणाला, आणि तो आवाज खोलीभर घुमला. "बाकी सगळं उत्तम! काही काळजी नाही!"

फोन बंद झाला तशी त्रिशला डोळे पुसत आत धावली. "अहो, काय केलंत हो तुम्ही! नाटकात जायला पाहिजे होतात. मला रडवलंत, मला! फक्त शेवट तेवढा चुकला बघा."

धनपाल तिच्याकडं बघत राहिला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं.

"जमलं ना?" त्यानं विचारलं.

"जमलं की! फक्कड जमलं."

"मग झालं," तो म्हणाला, आणि उशीला टेकून भिंतीकडं तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी रेश्मा आली ती चेहरा पाडूनच. ना लाल, ना पिवळा, ना हिरवा. यंत्रानं शेरा मारला होता 'बनाव'. लोक खोटं रडून खुर्च्या अडवायला लागल्यापासून ट्रस्टनं यंत्राला तेही ओळखायला शिकवलं होतं. सगळं बोलणं पडलेल्या आवाजात आणि एकच वाक्य असं ठणठणीत. यंत्राच्या लेखी पडलेला आवाज हे सोंग आणि ते एक वाक्य हे खरं. धनपालचं नाव पुढच्या हंगामापर्यंत बंद.

"मीच सांगितलं होतं तुम्हाला, यंत्र काय ऐकतं ते," रेश्मा रडवेली झाली. "काकी, तुम्ही शिकवलंत होय त्यांना?"

"मग काय करू? मरू देऊ?" त्रिशला ओरडली. शब्द तोंडातून निघून गेला होता. आतल्या खोलीतून धनपालला ते ऐकू गेलं असेल का, हे पुढं त्रिशलाला कितीतरी वेळा वाटलं.

रेश्मानं वर तक्रार केली. 'आपली तक्रार नोंदवली आहे' असा निरोप आला, आणि तेवढंच. मग ती म्हणाली, "रंग गेला खड्ड्यात. सोमवारी मी स्वतः अण्णांना घेऊन जाते. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या दारात बसू. कुणीतरी माणूस ऐकेलच की."

"जाऊ की!" धनपाल म्हणाला, उंच आवाजात.

त्या शनिवारी पेठेत हळदीचा मोठा सौदा होता. धनपाल ढिगापाशी उभा राहिला, हळकुंड मोडून आतला रंग दाखवला आणि पुकारायला लागला. बोली चढत होती. आणि मधेच, सगळ्यांच्या देखत, त्याचा शेवट खाली पडला. एकदा पडला, परत पडला. पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थांबले आणि उतरायला लागले. "अण्णा, अहो अण्णा!" ढिगाचा मालक कळवळून ओरडला. धनपालनं त्या शेतकऱ्याला दोन्ही हात जोडले आणि काही न बोलता तो पेठेच्या बाहेर पडला.

घरी येऊन तो पायरीवर बसला. दोन्ही चपला काढल्या आणि एकीला एक लावून भिंतीशी ठेवल्या. त्रिशलानं ते बघितलं आणि तिच्या जिवाला केवढं बरं वाटलं! सूर्य मावळायच्या आत तो जेवलाही, ताटात काही न टाकता. "आमटी छान झालीय," म्हणाला. तिनं रेश्माला हाक मारून सांगितलं, आज बरं दिसतंय गं, बाई. परवा डॉक्टरांना हेही सांगू.

रविवारी सकाळी धनपाल घरात नव्हता. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. कसं नि कुठं, ते त्रिशलानं पुढं कुणाजवळ काढलं नाही, आणि आपणही ते विचारायचं नाही.

माणसं आली. "एवढा हसरा माणूस," म्हणाली. "कालपरवा तर बोललो," म्हणाली. श्रुती बापानं तिला फोनवर पाठवलेले जुने निरोप लावून लावून ऐकत बसली. सगळे झकास, सगळे ठणठणीत. पेठेनं एक दिवस सौदे बंद ठेवले. त्रिशलाला मात्र एकच गोष्ट खात होती: मी त्यांना सोंग शिकवलं, म्हणून यंत्रानं दार लावलं. मीच घालवलं त्यांना. श्रुती समजवायची, रेश्मा समजवायची, पण ऐकतंय कोण? श्रुती पुण्याला चल म्हणाली, तर ही घर सोडेना. सकाळी बस्तीत देवदर्शनाला जाऊन यायची, दोन भाकऱ्या थापायची आणि ताट घेऊन खिडकीशी बसायची. अंधार पडला की ताट झाकून ठेवायची.

वर्ष होत आलं असेल. रेश्मा एका बाईंना घेऊन आली. डॉक्टर केतकी सरपोतदार, स्वरवेधचं यंत्र ज्यांनी घडवलं त्यांच्यातल्या एक. पायरीवर चपला काढताना भिंतीशी ठेवलेला तो जुना जोड त्यांना दिसला, आणि त्या क्षणभर तिथंच थबकल्या.

"काकू, मी माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या. "आणि एक सांगायला. तुमच्या शिकवण्यामुळं तसं झालं असं तुम्हाला वाटतंय, रेश्मानं सांगितलं मला. तसं नाहीये."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तक्रारी साचल्या तशी त्यांनी 'बनाव' ठरलेली सगळी बोलणी पुन्हा काढून स्वतः ऐकली होती. खोटं दुःख आणणारा माणूस आवाज खाली दाबतो. दाबताना गळ्याचे स्नायू आवळतात आणि त्या ताणाची बारीक थरथर आवाजात उतरते. धनपालच्या त्या बोलण्यात अशी थरथर कुठंच नव्हती. खालच्या आवाजातली सगळी वाक्यं मोकळी होती, सैल सोडलेली. थरथर होती ती फक्त शेवटच्या वाक्यात. 'बाकी सगळं उत्तम.' ते वर उचलताना.

"म्हणजे?" त्रिशलानं विचारलं.

"म्हणजे ते सोंग नव्हतंच, काकू. ते खरं बोलत होते. आमचं यंत्र आवाज किती खाली पडतो तेवढंच मोजत होतं. तो वर धरून ठेवायला माणसाला किती जोर लागतोय, हे मोजायला पाहिजे, हे आम्हाला सुचलंच नाही. चूक आमची आहे. तुमची नाही."

बाईंना वाटलं, हिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्रिशला मात्र भिंतीला धरून खाली बसली.

"खरं बोलत होते," ती म्हणाली. "खरं बोलत होते आणि मी आत जाऊन शाबासकी दिली हो. फक्कड जमलं म्हणाले मी त्यांना! नाटकात जायला पाहिजे होतात, म्हणाले!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आख्ख्या जन्मात एकदा त्या माणसानं तोंड उघडलं, आणि मी टाळ्या पिटल्या."

रेश्मानं तिचे हात धरले. बऱ्याच वेळानं केतकीबाईंनी चाचरत विचारलं, धनपालचे चारही फोन यंत्राला शिकवायला वापरले तर चालतील का? असे खूप लोक आहेत, म्हणाल्या. शाळेत शिकवणारे, कीर्तन करणारे, काउंटरवर बसणारे. आवाज हीच ज्यांची रोजीरोटी आहे. घरातल्या बायका आहेत.

"माणूस गेला आणि यंत्र शहाणं झालं, असंच ना?" त्रिशला उसळली. "याच्यात मी समाधान मानायचं होय? ते असते आणि तुमचं यंत्र जन्मभर अडाणी राहिलं असतं, तरी चाललं असतं मला!"

"हो," केतकीबाई म्हणाल्या. "मलाही."

त्या उठून पायरीपर्यंत गेल्या तेव्हा त्रिशलानं हाक मारली. "घ्या ते फोन. पण पेठेतलं त्यांचं पुकारणं पण घ्या. लोकांजवळ आहे रेकॉर्ड केलेलं. नुसतं रडणं नको. त्यांचा आवाज कसा होता, ते कळू दे त्याला."

पुढच्या हळदीच्या हंगामाला नवं यंत्र आलं. रेश्मा फोन घेऊन दारात हजर. "काकी, गल्लीतल्या सगळ्यांचं करायचंय. पहिली बोहनी तुमची."

"मला कशाला गं? मला काय झालंय?"

"काही नाही ना? मग बोला की दोन मिनिटं."

त्रिशला खिडकीशी बसली होती, झाकलेलं ताट समोर. उतरतीचं ऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढलं होतं.

"नमस्कार. कशा आहात?" तोच मऊ आवाज.

"बरी आहे."

"आज दिवसभरात काय केलंत?"

"घरचंच. झाडलोट केली, बस्तीत जाऊन आले, स्वयंपाक केला. बाकी सगळं उत्तम!"

म्हटलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. शेवटचा शब्द वर. इतकी वर्षं एका घरात काढली, त्याचं हे तिच्याही गळ्यात कधी येऊन बसलं होतं, कुणास ठाऊक.

फोनचा पडदा लाल झाला.

"तुम्ही आवाज वर धरून ठेवताय," यंत्र म्हणालं. "त्याला फार जोर लागतोय. आता खाली ठेवलात तरी चालेल."

त्रिशला त्या लाल पडद्याकडं बघत राहिली. ज्याच्यासाठी तिनं जिवाचं रान केलं, तो हाच रंग.

"आता ऐकू येतं होय रे तुला?" ती फोनला म्हणाली. "आता येतं होय?"

आणि तिचा बांध फुटला. धनपाल गेला त्या दिवशी रडली नव्हती एवढी ती रडली, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं, आवाज वर नाही की धरून ठेवलेला नाही. "मला ऐकू आलं नाही गं, रेश्मा. दारात उभी होते मी, आणि मला ऐकू आलं नाही." रेश्मा तिला कवटाळून बसली. गप्प राहा म्हणाली नाही.

खुर्ची बुधवारची मिळाली. रेश्मा म्हणाली, मी येते बरोबर, आणि श्रुतीलाही फोन करते, तिच्याशी पण बोलून घेऊ एकदा. मग तिनं झाकलेलं ताट उघडून पुढं केलं. "जेवा, काकी."

"राहू दे आता. अंधार..." असं म्हणत त्रिशलानं खिडकीबाहेर बघितलं.

टाकीवर अजून ऊन होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागली.